शेकलेला पिशवीबाजा

मित्रांनो, थांबा ना जरा! विहाराच्या खिडकीपाशी खुंटीला चामड्याची पिशवी लटकलीये, तिला पाच काळ्या नळ्या, दिसली का? तो मीच. बॅगपाइप. इथं कुंभार पिंपळगावात मला सगळे पिशवीबाजा म्हणतात, अन् मला तेच नाव आवडतं.

माझ्या नळ्या शिसमाच्या, पिशवी मेंढीच्या कातड्याची. शिसम होतो तवा वाऱ्यात सळसळायचो, कातडं होतो तवा माळावर चरत फिरायचो. मंग मेरठकडच्या एका कारागिरानं दोघांना एकत्र बांधलं अन् फूऽऽक मारली. बाप रे! झोपेतून उठल्यागत झालं मला. तवापासून माझं असंच. कुणी फुंकलं की मी जागा, फुंक थांबली की स्वप्नात.

जालन्यात लग्नाच्या बँडमध्ये मी लई वर्षं वाजलो. पोरंसोरं मागं पळायची, नवरदेव घोड्यावरून वाकून बघायचा. मंग डीजे आले, अन् आम्हा सहा भावांना गोदामात पोत्याखाली टाकलं. अंगावर पाली फिरायच्या. मी स्वप्नात नुसता सळसळत राह्यचो.

तिथून आम्हाला आणलं ज्योत्स्नानं. ही इथल्या बौद्ध वस्तीतली, कॉलेजात शिकणारी पोरगी. तिनं जयंतीच्या मिरवणुकीसाठी पोरापोरींचा बँड उभा केला. मला तीच वाजवायची. तिच्या श्वासाला मोसंबीचा वास यायचा, अन् मला आत कुठंतरी बाग फुलल्यासारखं वाटायचं.

पण सूर? सूर न्हाईच लागायचा! मागच्या जयंतीला मिरवणूक निघायची वेळ झाली अन् आमचा आवाज बसलेला. बँडमधले कडूबामामा कडब्याच्या जाळावर हलगी शेकत होते. शेकली की हलगी टणटण बोलते ना! ज्योत्स्ना म्हणाली, "मामा, यांना बी द्या की शेक. आवाज चढंल."

"चढंल की! आण हिकडं."

अन् आम्हा सगळ्यांना जाळावर धरलं, मित्रांनो! माझ्या आत बोरूच्या पातळ पात्या असतात, आवाज त्यातूनच निघतो. त्या वाळून वाकड्या झाल्या. एकाचा सूर आभाळात, एकाचा विहिरीत! चौकातून कुणीतरी ओरडलं, "अरे, कुणाची म्हैस अडली का काय?"

जयंती कमिटीचे अध्यक्ष अण्णासाहेब. ते म्हणाले, "ज्योत्स्ने, पुढच्या वर्षी डीजे. बिलकुल फायनल."

"अण्णा, एक डाव द्या ना. फकस्त एक."

अण्णांनी आम्हा सहाही बाजांवर नजर फिरवली. मंग म्हणाले, "बरं, पुढच्या जयंतीला चौकापर्यंत तुम्ही वाजवा. तिथं मी ऐकणार. न्हाई जमलं तर तिथून पुढं डीजे, अन् हे बाजे भंगारात."

भंगारात! मला गोदामातल्या पाली आठवल्या.

ज्योत्स्ना वाटूरला गेली अन् देवानंदमामांना घेऊन आली. मामा फौजेच्या बँडात हाच बाजा वाजवून रिटायर झालेले. त्यांनी आम्हाला एकेक करून मांडीवर घेतलं, नव्या पात्या बसवल्या, सांध्यांना मेण लावलेला दोरा गुंडाळला. शेकल्याचं ऐकलं तवा हसता हसता त्यांना ठसका लागला. "अगं, बाजा हाय का पापड?"

मंग म्हणाले, "अंगद, तुझी लेव्हलची नळी आण." अंगद आमच्यातलाच वाजवणारा, कामानं गवंडी. भिंतीची पातळी बघायला त्याच्याकडं पाणी भरलेली पारदर्शक नळी असती. मामांनी तिचं एक टोक माझ्या पिशवीला जोडलं.

"फुंक पोरी. सूर राहू दे, पाणी बघ."

ज्योत्स्नानं सगळा जोर लावला. पाणी बेडकावाणी उडालं ते थेट अंगदच्या तोंडावर!

"कुस्ती खेळून राह्यली का?" मामांनी तिच्या कोपरावर आपला हात ठेवला. "तोंडची हवा संपली की कोपरानं पिशवी हळूच दाब. तू श्वास घेतला, हे पाण्याला कळलं न्हाई पाहिजे."

रोज ऊन चढायच्या आधी हेच. फुंक, दाब, पाणी बघ. मंग एका सकाळी पाणी हललंच न्हाई. नळीत आभाळाचा निळा तुकडा तसाच थांबलेला, अन् मी जागा होतो का स्वप्नात, माझं मलाच कळंना. मंग मामांनी नळीच्या बोटं ठेवायच्या भोकांवर थोडी थोडी काळी चिकटपट्टी लावून सूर सारखे केले. "आपलं ऐकू नका," ते सगळ्यांना म्हणाले, "शेजारच्याचं ऐका."

जयंती आली. चौकात डीजेची गाडी उभीच होती, घराएवढे भोंगे घेऊन. ज्योत्स्नानं मला काखेत घेतलं. तिनं डोळे मिटले अन् शेजारच्या अंगदचा सूर ऐकला. हळूच माझी पिशवी दाबली. आम्ही सहा जण होतो, मित्रांनो, पण आवाज एकच निघाला! लांब, घुमणारा, ढगातून चालल्यासारखा. कुणी हसलं न्हाई. अण्णासाहेब जवळ आले, माझ्या नळीपाशी कान आणला, तसेच उभे राहिले.

मंग ते गाडीकडं गेले अन् डीजेवाल्याला म्हणाले, "पोरा, तू जेवून घे. अन् गाडी जरा मागं घे, यांना रस्ता लागंल."

मित्रांनो, मला वाजवलं की आतली ओल पुसत जा. उन्हात टाकू नका. अन् पहिली फुंक हळू मारा. मी लांबून येत असतो, पोहोचायला जरासा उशीर होतो.