पिळाआधी लावलेला लाल ठिपका

तोंडं दोन, पण जीभ एकही नाही, असा मी एक जुना पाना आहे, मित्रांनो. माझ्या एका तोंडाजवळ बारा कोरलं आहे आणि दुसऱ्याजवळ तेरा. मला विकताना दुकानदार हसून म्हणाला होता, की हा एकीकडून बारा वाजवतो आणि दुसरीकडून तीन तेरा करतो. पुढे एका सकाळी ती थट्टा खरी होते की काय, या भीतीने माझी पाचावर धारण बसली. ती सकाळ आठवली की अजूनही मला खिळ्यावर टांगल्या जागी कापरं भरतं.

माझा जन्म भट्टीतला. लालभडक तापवून मला घणाखाली घातलं, मग तेलात बुडवलं, आणि माझ्या तोंडांना असं नेमकं माप दिलं की नट आत शिरला की तसूभरही हलू नये. मला घरी नेणारा माणूस चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. कामाला चोख, पण स्वभावाने असा भित्रा की शेजारीपाजारी त्याला 'सावधान' म्हणत. त्याने एक जुनी मोटारसायकल घेतली, आणि जशी जशी भीती वाटे तसं तसं तो तिला काही ना काही बसवत गेला. मागून कोणी धडकेल म्हणून मोठे आरसे आले. पडलो तर पाय चिरडेल म्हणून पुढे लोखंडी गार्ड आला. मग म्हशीसारखा हंबरणारा हॉर्न, मग जादा दिवा. बायको म्हणायची, आता एक शिडी तेवढी लावायची राहिली. पण भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, एक भीती मिटली की त्याला दुसरी सापडायची.

ही सगळी कामं सुट्टीच्या सकाळी स्वयंपाकघराच्या दारासमोरच्या फरशीवर चालत. गाडीच्या मूळच्या बोल्टना माझं बाराचं तोंड लागे, बाजारातून आणलेल्यांना तेराचं. सावधान मला फडक्याने पुसून म्हणायचा की या घरात माझ्याइतका भरवशाचा कोणी नाही. मी फुशारून जाई. पण मनात एक धास्तीही असे, मित्रांनो. गाडीला नवीन काही बसवायचं, तर आधी घट्ट असलेलं काहीतरी सैल करावं लागतं. ते परत घट्ट झालं की नाही, हे मला कळतं, आणि मला बोलता येत नाही.

त्याची बायको शिवणकाम करायची. शिवण दोन्ही हातांनी ओढून बघितल्याशिवाय कपडा कधी गिऱ्हाइकाला द्यायची नाही. गाडीच्या कामात तिचा वाटा एवढाच, की सावधानने नट आवळून "झाला" म्हटलं की तिने नेलपॉलिशचा लाल ठिपका त्यावर द्यायचा. म्हणजे कोणता नट झाला आणि कोणता राहिला, याचा घोळ होत नसे. ठिपका म्हणजे घट्ट, हा त्या घरचा कायदा होता.

मग तिला दिवस गेले. सातवा महिना लागला तशी तिची पाठ भरून येऊ लागली. दवाखाना एका उंच चढावर होता आणि बस चढाखालीच सोडून देई. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की गाडीवरून या, पण अगदी सावकाश. सावधानने लगेच मागच्या सीटसाठी पाठीचा टेकू आणला. लोखंडी चौकट, वर गुबगुबीत गादी, आणि ती गाडीला धरून ठेवायला चार बोल्ट, दोन डावीकडे, दोन उजवीकडे.

तपासणीच्या दिवशी सकाळीच त्याने काम काढलं. डावीकडचे दोन्ही नट त्याने माझ्याकडून चांगले पिळून घेतले. उजवीकडचे दोन त्याने बोटांनीच वेढे देऊन लावून ठेवले, आणि मी तेराचं तोंड पुढे करून तयार झालो. तेवढ्यात दुकानातून फोन आला. एका गिऱ्हाइकाची काच फुटली होती, मालक तावातावाने बोलत होते. सावधान मला फरशीवर ठेवून आत गेला. बायकोला फार वेळ उकिडवं बसवत नव्हतं. तिने कंबर धरून चारही नटांवर ठिपके दिले, बाटली बंद केली आणि कपडे बदलायला गेली.

सावधान परत आला. त्याने चार लाल ठिपके मोजले, मान डोलावली आणि मला फडक्यात गुंडाळून हत्यारांच्या पिशवीत टाकलं. वाटेत लागलं तर असावं म्हणून ती पिशवी तो गाडीच्या उजव्या झाकणामागे ठेवायचा. त्या सैल नटांपासून मी जेमतेम वीतभर अंतरावर होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळशालाच सगळं दिसत होतं आणि कोणी विचारत नव्हतं. मला ओरडायचं होतं. दोन दोन तोंडं असून मी फडक्यात गप्प पडून राहिलो.

गाडी निघाली. सावधान इतका हळू चालवत होता की सायकलवालेही पुढे जात होते. पण गाडीची थरथर हळू चालवल्याने थांबत नाही. झाकणाच्या पलीकडे नट एकेक वेढा सोडत होता आणि तो आवाज माझ्या अंगात उतरत होता. एका गतिरोधकावर चाक आपटलं, मागचा नट निसटून रस्त्यावर टणकन पडला. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, आणि सावधान त्याच वेळी हॉर्न वाजवत होता. त्यामुळे ऐकलं फक्त मी. आता उजवीकडे एकच नट उरला होता आणि तोही फिरत होता. समोर दवाखान्याचा चढ दिसू लागला. चढावर मागे बसलेल्याचा भार मागेच जातो, टेकूवरच जातो. तिच्या पोटात बाळ होतं. भीतीने मी अर्धमेला झालो.

चढ लागला. ती मागे रेलली आणि चौकट उजवीकडे कलली. तिने झटकन सावधानचा खांदा धरला.

"अहो, थांबा. हे हलतंय."

"हलणार नाही. चारही ठिपके बघूनच निघालोय मी."

तिचा आवाज अगदी बारीक झाला.

"ठिपके मी आधीच देऊन टाकले. तुमचं आवळून झालं का, ते विचारलंच नाही."

सावधानने ब्रेक दाबला. तिला हात धरून उतरवलं, कठड्याला टेकवून उभं केलं, आणि टेकू जरासा ओढला. उजवीकडचा एक बोल्ट नटाशिवाय नुसता लोंबत होता. दुसऱ्याचा नट त्याने बोट लावताच हातात आला. त्यावरचा लाल ठिपका अजून चकचकत होता. सावधान त्या नटाकडे बघत राहिला. जन्मभर तो हजार गोष्टींना घाबरला, पण त्या ठिपक्याला कधी घाबरला नव्हता.

त्याने मला बाहेर काढलं. डावीकडचे नट सोडवताना मी त्याच्या हातून दोनदा निसटलो. टेकू उतरवून त्याने गाडीला बांधला, गाडी तिथेच कडेला लावली, आणि बायकोला धरून पायी चढ चढला. मला पिशवीत ठेवायचं त्याला भानच राहिलं नाही. त्याने मला मुठीत तसंच घट्ट धरलं होतं.

म्हणून मित्रांनो, मला दवाखान्याची खोली आतून बघायला मिळाली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटावर यंत्र ठेवलं. आधी नुसती खरखर आली. मग आवाज सुरू झाला, धकधक, धकधक, पळणाऱ्या पावलांसारखा भरभर. बाईंनी सांगितलं की ठोके अगदी व्यवस्थित आहेत. नवऱ्याने पाना कशाला आणलाय, हेही त्यांनी विचारलं. तेव्हा कुठे सावधानचं माझ्याकडे लक्ष गेलं, आणि तो माणूस तिथेच रडू लागला. माझाही जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर तो म्हणाला की गाडीवरचं सगळं उपटून टाकतो. बायकोने त्याच्या हातातून मला घेतलं.

"काही उपटायचं नाही. यापुढे शेवटचा पीळ मी देणार, हाताने ओढून बघणार, आणि मगच ठिपका. कपडा द्यायच्या आधी शिवण बघते तशी."

हरवलेल्या नटाच्या जागी नवा आला आणि टेकू परत बसला. या वेळी तिने तो दोन्ही हातांनी खेचला, गाडी सगळी हलली पण टेकू जागचा हलला नाही. पुढचे दोन महिने ती त्याला निर्धास्त टेकून बसली. मुलगी झाली. घरात तिला चिमणी म्हणतात.

वर्षं गेली. नटांचे कोपरे झिजतात, मित्रांनो, तसे पानेही झिजतात. माझं तेराचं तोंड फाकत गेलं. नट पकडला आहे असं वाटे आणि मी त्याच्या अंगावरून नुसताच घसरे. आवळणाऱ्याच्या हाताला मात्र वाटे की झालं घट्ट. ही भीती त्या चढावरच्या भीतीपेक्षा वाईट होती, कारण आता तो खोटा ठिपका मीच झालो होतो. हे आधी तिच्याच हाताला कळलं. तिने मला गंज लागू नये म्हणून तेल लावलं आणि अडगळीच्या खोलीत खिळ्याला टांगलं. माझ्या जातीचे अडगळीत पडले की रडतात. मी मात्र कित्येक वर्षांनी निवांत झोपलो.

मागच्या आठवड्यात चिमणी आली. सायकलला मागचं कॅरिअर बसवायचं होतं, तिच्या लहान मावसभावाला त्यावर बसवून फिरवायचं होतं. तिने स्टुलावर चढून मलाच काढलं. माझ्या अंगाचं पाणी पाणी झालं. तिने जोर लावला, मी घसरलो, आणि तिला वाटलं की नट बसला. नेलपॉलिशची बाटली तिच्या शेजारीच होती. तिने बाटलीचं झाकण उघडलं.

मग ते परत लावलं. दोन्ही हातांनी कॅरिअर धरलं आणि ओढलं.

"आई," तिने आत बघून हाक मारली, "हे हलतंय. हा पाना गेलाय वाटतं. दुसरा दे."

मित्रांनो, आम्हा हत्यारांना पुसा, तेल लावा, जागच्या जागी ठेवा. पण आमच्यावर, आणि ठिपक्यावर, डोळे मिटून भरवसा ठेवू नका. जिथे आपलं माणूस बसणार, तिथे आधी स्वतःचा हात लावून ओढून बघा. मी परत खिळ्यावर आलो आहे. बाहेर अंगणात चिमणीची सायकल फिरते आहे, मागे तो धाकटा खिदळतो आहे, आणि मी कान लावून ऐकतो आहे. काहीच खुळखुळत नाही.