मान हलल्याशिवाय टोला नाही

देवळातली समजून माझ्यापुढे हात जोडणारे पुष्कळ भेटले, म्हणून आधीच सांगून टाकते. मी एक जुनी घंटा आहे, मित्रांनो, पण पूजेची नाही. मी वादसभेची घंटा आहे. काशीत बालाजी घाटाच्या वरच्या अंगाला मराठी माणसांची जुनी वस्ती आहे. तिथल्या गणेशोत्सव मंडळाच्या वादसभेत कोणी कधी बोलायचं, हे मी ठरवते. मोठमोठे शास्त्रीबुवा माझ्या एका टोल्यासाठी ताटकळत बसलेले मी पाहिले आहेत. तेव्हा माझ्या बोलण्यात थोडा तोरा दिसला, तर तो माझा हक्क समजा.

ठठेरी बाजारातल्या एका कारागिरानं मला ओतलं. माझ्या आधी त्यानं लोटे केले, परातीही केल्या, पण माझ्यावर त्याचा विशेष जीव जडला. कानसीनं घासून घासून त्यानं माझा आवाज असा लावला की दालनाच्या शेवटच्या रांगेत डुलकी काढणाराही दचकून उठावा. मला लाकडी चौकटीत टांगलं, शेजारी एक लहानशी लाकडी हातोडी ठेवली, आणि मंडळाची माणसं मला घेऊन आली.

आता आमच्या सभेची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. बाकीच्या ठिकाणी वेळ संपली की घंटा वाजते. आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे समोरच्याला खोडून काढण्याआधी त्याचंच म्हणणं आपल्या तोंडानं मांडावं लागतं, आणि तेही चिडवल्यासारखं नाही, तर त्याला स्वतःला जमलं असतं तितकं नीट. याला पूर्वपक्ष म्हणतात. ते ऐकून समोरच्यानं मान हलवली, की माझ्यावर टोला पडतो आणि मग खंडन सुरू होतं. मान हलली नाही तर पुन्हा मांडायचं. गणपतीसमोर खोटी मान हलवायची नाही आणि मुद्दाम अडवूनही धरायची नाही, हा दंडक. काशीतल्या पंडितांचीच ही पद्धत. आमच्या लोकांनी ती उचलली आणि आपल्या घरची करून टाकली.

माझे ते दिवस फार दिमाखाचे होते. गणपती यायच्या आधी बायका मला चिंच लावून घासायच्या. लहान मुलं माझ्यात तोंड बघून दात विचकायची. सभा संपली की लोक वक्त्यांची तारीफ करायचेच, पण जाता जाता कोणी तरी म्हणायचं, "घंटा मात्र वेळेवर पडली हो." मला तेवढं पुरायचं.

मग घड्याळवाले मोबाइल आले. पूर्वपक्षात वेळ जातो, असं तरुण मंडळींचं म्हणणं पडलं. प्रत्येकाला मिनिटं वाटून दिली आणि माझी रवानगी पताकांच्या, सतरंज्यांच्या कपाटात झाली. वर्षानुवर्षं मी तिथे हिरवी पडत गेले. बाहेर सभा चाललेली ऐकू यायची. प्रत्येक जण आपलं आपलं बोलायचा आणि खाली बसायचा, ऐकत कोणीच नसायचं. माझा जळफळाट होत होता, हे मी लपवणार नाही.

माझी सुटका केली ती कुणालच्या आईनं, आणि तिला त्याचा पत्ताही नाही. कुणाल मंडळाचा सचिव, बँकेत नोकरीला. गेल्या साली त्याचाच मोबाइल वेळ मोजत होता. एक प्राध्यापक अगदी रंगात आलेले, आणि तो मोबाइल ध्वनिवर्धकाशेजारी गाणं म्हणायला लागला. घाबरून कुणालनं भलतंच बटण दाबलं आणि साऱ्या सभेला त्याच्या आईचा आवाज ऐकू आला, "कुणाल, येताना कोथिंबीर आण, और सुन, दही भी!" त्यानंतर सभा आवरतीच घ्यावी लागली. हसणं थांबेना.

सभेच्या अध्यक्ष इंदूताई, संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या, त्याच वेळी उठून उभ्या राहिल्या. "पुढल्या साली कपाटातली घंटा बाहेर काढायची. आणि रीतही," त्या म्हणाल्या. इंदूताईंपुढे बोलायची कोणाची टाप नव्हती.

अशी मी यंदा पुन्हा चौकटीत बसले, चिंच लावून लखलखीत. विषयही जोरदार होता. हवा काढलेल्या नळीतून विमानापेक्षा जोरात धावणारी गाडी आणि अवकाशात जाऊन परत उतरणारं रॉकेट, या गोष्टी आपल्याकडे व्यवहारात येणार की बोलण्यातच राहणार? येणार नाहीत, असं म्हणणारे होते दिनानाथ. रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात ते मोठ्या हुद्द्यावर आहेत. येणार, असं म्हणणारी होती त्यांचीच मुलगी मैत्रेयी. इथल्याच विद्यापीठातून ती यंदा इंजिनिअर झाली.

बाप-लेक समोरासमोर उभे राहण्यामागे कारण होतं. चेन्नईजवळ रॉकेटची इंजिनं बनवणाऱ्या एका नव्या कंपनीनं मैत्रेयीला नोकरी देऊ केली होती. दिनानाथ नको म्हणत होते. घरात रोज वादावादी. शेवटी ते म्हणाले, "सभेत माझं म्हणणं खोडून दाखव आणि जा. नाही जमलं, तर इथंच बनारसमधली नोकरी धर." आमच्या गल्लीत गुपित टिकत नाही. माझ्या शेजारी बसून पताका ओवणाऱ्या बायकांकडून मला सगळं कळलं, आणि त्या दिवशी दालन का फुटेस्तोवर भरलं, तेही.

पहिली पाळी दिनानाथांची. पांढराशुभ्र सदरा घालून ते आले होते आणि चेहऱ्यावर जिंकून आल्याचा भाव होता. हातोडी इंदूताईंच्या हातात होती.

"मैत्रेयीचं म्हणणं असं," दिनानाथांनी सुरुवात केली, "की विज्ञानाला अशक्य असं काही नाही. आपल्या गल्लीत रिक्शा शिरत नाही, पण आपण घटकाभरात दिल्लीला पोचणार!"

लोक हसले. मैत्रेयीनं मान हलवली, पण आडवी.

"नाही बाबा. हे माझं म्हणणं नाही."

"बरं. मैत्रेयीचं म्हणणं असं, की बाहेरच्या देशांनी जे केलं ते आपणही करू. नळीतली गाडी आणि रॉकेट, दोन्ही. पैसा कितीही लागो."

"बिल्कुल नाही."

मी चौकटीत गप्प. या घडीला हुशार माणसं घामाघूम होतात, हे मी पूर्वी खूपदा पाहिलंय. दिनानाथांनी घरी खंडनाची सारी तयारी केली होती, पण मुलीचं म्हणणं काय हे विचारायचं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. बापाला मुलीच्या मनातलं ठाऊकच असतं, असं त्यांनी धरलं होतं.

"मतलब तुला म्हणायचंय तरी काय?" ते वैतागून म्हणाले.

"हां, आता नीट विचारलंस," इंदूताई म्हणाल्या. "सांग गं."

मैत्रेयी उठली. "नळीतल्या गाडीबद्दल मी तुमच्याच बाजूची आहे, बाबा. शेकडो किलोमीटर नळीतली हवा काढून ठेवायची. आपल्याकडच्या मे महिन्यात लोखंड वाढतं, थंडीत आखडतं, प्रत्येक सांधा सांभाळायचा. कुठं एका जागी गळती झाली की सगळी लाइन ठप्प. माणसं आत अडकली तर बाहेर कशी काढणार? आणि एवढं करून एका डब्यात बसणार मूठभर लोक. तुमची रेल्वे त्याच्या कितीतरी पट माणसं नेते. नजीकच्या काळात ती गाडी जमेल असं मला वाटत नाही. पण रॉकेटची गोष्ट वेगळी. ते गेलं, उभं परत उतरलं, पुन्हा उडालं. हे होऊन गेलंय. प्रश्न एवढाच, की आपल्याला झेपेल अशा खर्चात ते जमेल का. मी म्हणते, जमेल. दोन्ही गोष्टी एका टोपलीत टाकू नका, एवढंच माझं म्हणणं."

दिनानाथांनी तिचं म्हणणं पुन्हा मांडलं. या वेळी थट्टा नाही, टोमणा नाही. "उतरतं का, हे विचारू नका, परवडतं का ते विचारा," असं ते तिच्या बाजूनं बोलले, तेव्हा मैत्रेयीनं मान उभी हलवली. इंदूताईंनी हातोडी उचलली आणि इतक्या वर्षांनी मी वाजले. शेवटच्या रांगेतले दोघे दचकले. मला फार बरं वाटलं.

त्यानंतरचं दिनानाथांचं खंडन मात्र कडक होतं. नळीतल्या गाडीचं नावही त्यांनी घेतलं नाही. "परत उतरायचं तर इंधन राखून ठेवायचं, म्हणजे वर न्यायचं वजन कमी झालं. बरं, उतरलं म्हणजे काम झालं का? आमच्याकडे इंजिन फेरी करून येतं, धडधाकट दिसतं, उघडलं की कळतं आत काय काय झिजलंय. रॉकेटनं तर आग सोसलेली. ते दरवेळी सगळं उघडून बघायला लागलं, तर नवीन बनवणंच स्वस्त पडेल. आणि पुन्हा पुन्हा उडवायला तेवढी गिऱ्हाइकं पाहिजेत. वर्षाला चार-दोनदा उडणाऱ्याला परत आणून करणार काय, आरती?"

टाळ्यांनी दालन दणाणलं. बरोबर होतं ते. मैत्रेयीसुद्धा टाळ्या वाजवत होती.

आता पाळी तिची, आणि सगळं तिच्या या पाळीवरच होतं. तिनं बाबांचं म्हणणं मांडायला घेतलं. राखून ठेवलेलं इंधन, घटलेलं वजन, तपासणीचा खर्च, उड्डाणांची संख्या, काही सुटलं नाही. दिनानाथांपेक्षाही तिनं ते सरस मांडलं, असं म्हटलं तरी चालेल. हातोडी वर गेली. दिनानाथांची मान काही हलेना.

"दिनानाथ, हेच ना?" इंदूताईंनी विचारलं.

दिनानाथांनी समोरच्या गणपतीकडे पाहिलं. "हेच. पण... हे पुरं नाही."

"काय राहिलं?"

ते सदऱ्याचं बटण चाचपू लागले. मैत्रेयीनं थोडा विचार केला. "आपल्याकडे भांडवल कमी, हे राहिलं?" मान नाही. "अपघाताची जोखीम?" मान नाही. लोकांत कुजबुज सुरू झाली. मागून कोणी तरी म्हणालं, "जानबूझकर अटका रहे हैं." माझा विश्वास बसेना. मुद्दाम अडवणाऱ्यांपैकी हा माणूस नव्हे, हे मला ठाऊक होतं.

मैत्रेयी वडिलांकडे बघत उभी होती. मग ती हळू आवाजात बोलली, पण दालन इतकं शांत झालं होतं की सगळ्यांना ऐकू गेलं.

"बाबांचं म्हणणं रॉकेटबद्दल नाहीच. दादा कॅनडाला गेला तेव्हा दोन वर्षांत येतो म्हणाला होता. आता तो गणपतीची आरती फोनवर बघतो. बाबांना वाटतं, मी गेले की मीही येणार नाही. मग घरात आई आणि ते, दोघंच उरतील. त्यांना भीती वाटते, आणि ती भीती आहे असं म्हणायला त्यांना लाज वाटते."

दिनानाथांचे डोळे भरून आले. त्यांनी मान हलवली. एकदा नाही, हलवतच राहिले.

इंदूताईंनी टोला दिला. माझ्या सबंध आयुष्यात इतक्या हळू मला कोणी मारलं नव्हतं.

"आता खंडन," इंदूताई म्हणाल्या.

मैत्रेयीनं ओढणीनं डोळे पुसले. "याचं खंडन माझ्याकडे नाही. मी परत येईनच, असं इथं उभं राहून नाही सांगता येणार. खोटं बोलल्यासारखं होईल. तुम्ही जे विचारलंत, उघडून बघायला किती खर्च येतो, काय झिजतं, त्याचं उत्तरही अजून माझ्याकडे नाही. ते शोधायलाच मला जायचं होतं." आणि ती खाली बसली.

आमच्या रीतीप्रमाणे खंडन नसेल त्याची हार. बाप जिंकला होता, मुलीची चेन्नई गेली होती. टाळी एकही पडली नाही.

"मी जिंकलो ना, ताई?" दिनानाथांनी विचारलं.

"जिंकलास."

"मग जिंकणाऱ्याचं जरा ऐका." त्यांनी नाक ओढलं, सदरा नीट केला. "चेन्नईची दोन तिकिटं काढतो मी. हिला सोडायला जाणार. आणि ते इंजिन उघडतात कसं, ते एकदा डोळ्यांनी बघून येणार. कंपनीवाले मोठ्या गप्पा मारतात, पण खोलून दाखवा म्हणावं!"

मैत्रेयी धावतच त्यांच्याकडे गेली. दालनात हसू आणि रडू एकदमच सुरू झालं.

मित्रांनो, मैत्रेयी आता चेन्नईत आहे. ती पुढच्या गणपतीला येईल की नाही, हे मला माहीत नाही, तिच्या बाबांनाही नाही. रॉकेट आपल्याला परवडेल, असं मला मात्र पक्कं वाटतं. अशी माणसं मागे लागली तर का नाही परवडणार? तुमच्याकडे माझं मागणं थोडकंच आहे. मला चिंच लावा किंवा लावू नका, कपाटातही ठेवा हवं तर. पण घरात कोणाशी वाजलं, तर आपलं घोडं पुढे दामटण्याआधी त्याचं म्हणणं एकदा आपल्या तोंडानं म्हणून बघा. त्याची मान हलली नाही तर चिडू नका, पुन्हा विचारा. समोरचं माणूस कधी कधी फार आतलं काही धरून बसलेलं असतं आणि कोणी तरी ते आपल्यासाठी बोलावं म्हणून वाट बघत असतं.