न हलणारी टेबलं

आमच्या गावचं वाचनालय समाजमंदिरात भरायचं. म्हणजे लग्न नसेल त्या दिवशी. लग्न असलं की कपाटं भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, टेबलांवर बुंदीच्या पराती चढायच्या आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरी घरी जाऊन भांडी घासायच्या. महागाव तालुक्यात मुहूर्त भरपूर निघतात. त्यांतली अर्पिता तलाठ्याच्या परीक्षेला दोनदा बसली. दोन्ही वेळा गावात लग्नं जोरात झाली.

मग नव्या इमारतीला निधी आला आणि प्लॅन काढायला मोनाली आली. विहारामागच्या घरातली पोरगी, नागपूरला आर्किटेक्ट झालेली. बारावीचा अभ्यास तिनं विहारात केला होता. लग्नं विहारातही लागतात. उठवलं जाणं म्हणजे काय, हे तिला कॉलेजात शिकावं लागलं नाही.

सभेत सरपंच भगवानरावांनी प्लॅन आधी उलटा पाहिला, मग सुलटा.

"हॉल कुठी हाये?"

"हॉल नाही, काका. वाचाची खोली हाये."

"थेच थे. स्टेज कुठी?"

"नाही."

"अन् भटारखाना?"

"तिथं कपाटं हायेत. अन् टेबलं सिमेंटची, फरशीतूनच उभी केलेली. हालत नाहीत."

"काहून?"

"पोरींना कोणी उठवू नये म्हणून."

सभेत शांतता पसरली. मी वाचनालय समितीचा सचिव. शांततेची नोंद इतिवृत्तात करता येत नाही, म्हणून 'साधकबाधक चर्चा झाली' असं लिहिलं.

"राहू दे टेबलं," भगवानराव म्हणाले. "पण हा बाहेरचा वऱ्हांडा कायले? फुकटची जागा. थो काढ अन् खोली वाढव."

"वऱ्हांडा सावलीले हाये, काका. नाही त खोली भट्टी होईन."

"पंखे लावू ना. टेबलं नाही त वऱ्हांडा. एकच भेटन."

मोनालीनं वऱ्हांडा खोडला. भगवानराव खुशीत हसले. का, ते आम्हाला इमारत उभी राहिल्यावर, मे महिन्यात कळलं. त्यांच्या पुतण्याचं, राजदीपचं, लग्न होतं, आणि न हलणाऱ्या टेबलांवर पंगत फार छान बसते.

वाढपी पत्रावळ्या घेऊन आत शिरले. पोरी वाचत होत्या. एकानं अर्पिताला नवरीकडची समजून समोर पत्रावळ मांडली. तिनं ती बाजूला सरकवली आणि पान उलटलं.

फेटा सावरत भगवानराव आले. "उठा वं पोरींनो. वऱ्हाड ताटकळून राह्यलं."

"आम्ही बसून राह्यलो, काका," अर्पिता म्हणाली.

"घंटाभराचं काम हाये."

"सगळेच लग्नं घंटाभराचे असतात."

"मंग तुह्या लग्नात कुठी जेवू घालशीन?"

"वऱ्हांड्यात."

"वऱ्हांडा हाये कुठी?"

"तुम्हीच त काढला."

भगवानरावांनी मेन स्विच पाडला. पंखे थांबले. तापलेल्या भिंतीची धग आत उतरायला लागली. पहिल्या प्लॅनमध्ये सावली होती, खोलीत नव्हती. पोरींचे चेहरे लाल झाले. एकीनं दाराकडे पाहिलं. अर्पितानं ओढणीनं घाम पुसला, आणि त्या पोरीकडे न बघता स्वतःची पाण्याची बाटली तिच्यापुढे सरकवली. ती पोरगी परत वाचायला लागली. एकही पोरगी उठली नाही.

शेवटी पंगत बाहेर बसली. मांडवाचं कापड इतकं पातळ की ऊन गाळून येत होतं. नवरीचे मामा पत्रावळ हातात घेऊन भिंतीला टेकले आणि चटका बसल्यासारखे मागं झाले. चटका बसलाच होता.

"एवढी मोठी बिल्डिंग बांधली," ते म्हणाले, "अन् सावलीले छपरी नाही काढली? कोण्या बुद्धीच्या माणसानं काम केलं हे?"

वऱ्हाडी मंडळींनी भगवानरावांकडे पाहिलं. भगवानराव आमटीकडे पाहत होते.

पुढच्या सभेत वऱ्हांड्याचा ठराव त्यांनीच मांडला. "लोकायच्या सोयीसाठी," असंही म्हणाले.

मोनालीनं पेन्सिल काढली.

"काढू ना, काका. पण पोरींची टेबलं तिथंबी सिमेंटचीच राहतीन."