कडू मुळाचा पाक

"हा माझा शोध!" पाहुण्यांसमोर भावजी म्हणाले.

माझा. म्हणे.

थांबा, आधी पाक समजून घ्या. लिंबाचं आम्ल, साखर, थोडं पाणी. मंद आचेवर ढवळलं की दाट, नितळ पाक होतो. त्यात वाटलेलं औषधी मूळ भिजवायचं, मुळातला गुण पाकात उतरतो. अर्क काढायला स्पिरिट नको, डोळ्यांची चुरचुर नको, नाल्यात विष सोडणं नको. हे शोधलं वहिनीने, घरच्या कारखान्याच्या मागच्या खोलीत, बोटं भाजून घेत. दिराने शोधलं ते फक्त व्यासपीठ.

तिने नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "घरातलं घरात राहू दे."

राहू दिलं.

आणि रोज सकाळी, आरशासमोर, मूळ मुरलेला पाक घोटभर पिऊ लागली. पहिल्यांदा बेसिन धरून ओकली. मग नुसते डोळे भरायचे. मग भुवईसुद्धा हलेना.

आता पुन्हा पाहुणे. खरेदीदार बाई आल्या होत्या. ज्याचा शोध, त्याच्या हाती नवा कारखाना, असं ठरलेलं.

"इतका निर्धोक, की पिऊन दाखवतो!" भावजी दर वेळी हेच करायचे. मूळ न घातलेला कोरा पाक प्यायचे, गोड-आंबट, सरबतच. पेला वहिनीच भरायची.

आजचा पेला पिवळट होता.

"वहिनी, रंग वेगळा दिसतोय."

"कोऱ्याने काय सिद्ध होणार, भावजी? हा मूळ भिजवून गाळलेला. तुमचाच की!"

"मग आधी तुम्ही घ्या."

ती प्यायली. ओठ पुसले. "छान मुरलाय."

भावजींनी उरलेला पेला एका दमात घशात ओतला.

थू! टेबलावर. कागदांवर. बाईंच्या पांढऱ्या बाहीवर.

"विष! विष घातलं हिने!"

बाईंनी पेल्याच्या तळाचा थेंब बोटाने चाखला. तोंड वाकडं केलं. "विष कसलं, मूळ आहे. स्पिरिट उडून जातं, पाक उडत नाही. उतरलेला कडूपणा त्यातच राहणार. तुमचाच शोध ना? मग एवढंही ठाऊक नाही?"

भावजी रुमालात खोकत राहिले.

बाई वहिनीकडे वळल्या. "मागची खोली दाखवता?"

नवरा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला. भावाला पाजलं, मग तांब्या तिच्यापुढे धरला.

"नको," जीभ टाळूवर फिरवत ती म्हणाली. "तोंडातलं तोंडात राहू दे."