कूलरच्या पाण्याचं गणित

मी फळा बोलतोय, रामदासपेठेतल्या मनोहररावांच्या शिकवणीचा. बोलतोय खरा, पण फार थकलोय. मौद्याच्या सुतारानं प्लायवूडला काळा रंग फासून मला घडवलं, त्यानंतर ब्रश काही मला शिवला नाही. पुसून पुसून अंगाला नको तेवढी चकाकी आली. त्यात मनोहररावांची सवय अशी, की परीक्षेचे प्रश्नही माझ्यावरच लिहायचे.

सकाळी सेमी इंग्लिशच्या पाचवीचा वर्ग, म्हणून आकडे इंग्रजी. जवळपासची मुलं आधी येऊन मधोमध बसत. कामठीचा शेअर ऑटो भरल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे तिथली मुलं उशिरा येत आणि खिडकीसमोरच्या भिंतीशी दाटीवाटीनं बसत. त्यांचे अपूर्णांक हमखास चुकत.

"कामठीचे पोट्टे कच्चे आहेत. पुढच्या महिन्यापासून त्याइले घेत नाही मी," मनोहरराव एकदा म्हणाले.

वर्गावर शिकवणारी दीक्षा संख्याशास्त्र शिकत होती. ती म्हणाली, "काहून सर? आधी दोन्ही गटांत फरक नाही असं धरून चालू. पेपर घेऊ. योगायोगानं पडणार नाही एवढा फरक निघाला, तर तुमचं खरं."

पेपर झाला. पहिलाच प्रश्न: ड्रममधलं 3/8 पाणी कूलरमध्ये ओतलं, तर किती उरलं? कामठीच्या गोपिकानं लिहिलं, 'काहीच नाही.' तिच्या रांगेत बहुतेकांनी तेच लिहिलं. दीक्षानं आकडेमोड केली. फरक खराच निघाला.

"पाह्यलं? आता सांगून दे त्याइले, येऊ नका म्हणून."

गोपिकाचा चेहरा मला बघवेना.

"फरक आहे हे कळलं सर. कशानं आहे, ते कुठं कळलं?" असं म्हणत दीक्षा गोपिकाच्या जागेवर जाऊन बसली. खिडकीतलं ऊन माझ्यावरून थेट तिच्या डोळ्यांत गेलं. आठाची डावी बाजू त्या चकाकीत गडप झाली होती, उरला होता नुसता तीन. तीन तृतीयांश पाणी ओतल्यावर ड्रममध्ये उरणार काय?

तिनं सरांनाही तिथं बसवलं. त्यांनी डोळे किलकिले करून आठ शोधला. मग म्हणाले, "तुयं बरोबर आहे वं, बेटा."

पडदा लावून पुन्हा पेपर घेतला, तेव्हा फरक उरला नाही. आता नवा फळा आलाय. मी गॅलरीत उभा आहे, भंगारवाल्याची वाट बघत. जायचं मला वाईट वाटत नाही. पण दीक्षा त्या जागेवर बसली नसती, तर त्या पोरीनं जन्मभर स्वतःला कच्चंच समजलं असतं.