दादूसच्या नावाचं रक्त

टेमघरचे केसरीनाथ शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, त्याला दोन वर्षं झाली होती. त्या सुमारास त्यांच्या बरोबरीच्या एकाचं हृदयाचं ऑपरेशन झालं. निवृत्तांच्या संघटनेचा विमा पहिल्या लाखातच आटोपला आणि पुढच्या बिलात त्याची रस्त्याकडची जमीन गेली. तेव्हापासून केसरीनाथांच्या जिवाला चैन नव्हती.

विमा एजंट देवेश ओट्यावर बसून समजावत होता.

"काका, पहिला लाख संघटनेचा विमा देणार. त्याच्या वरचं हा दुसरा देणार. टॉप-अप म्हणतात ह्याला. पण साठीनंतर रक्त तपासतात. साखर निघाली तर ही कंपनी दारात उभं करत नाही. दुसरी एक घेते, पण जुन्या दुखण्याचं चार वर्षं काही देत नाही."

"चार वर्षं मी काय दुखण्याला थांब म्हणू?" केसरीनाथ म्हणाले.

त्यांची साखर बारा वर्षांची होती. देवेश गेल्यावर ते बायकोला, कमळाबाईंना, म्हणाले, "काळूला पाठवू. माझ्या नावाने तो रक्त देईल."

काळूराम त्यांचा धाकटा भाऊ. कमळाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा तो बारा वर्षांचा, आईविना पोर. त्याच्या डोक्याला तेल त्यांनीच लावलं, भाकरीचा पहिला तुकडाही त्यांनीच दिला. घरात पाटी एकच होती, ती थोरल्याला मिळाली. धाकटा मिठागरावर गेला. उन्हाने आणि मिठाने तो आता थोरल्याहूनही थोरला दिसे. चेहरेपट्टी तीच. केसरीनाथांच्या ओळखपत्रावरच्या फोटोत चष्मा होता, तेवढाच फरक.

काळूराम खूश झाला. "रगतच ना? बाटलीभर काढा!"

भावाची पँट, भावाचा शर्ट आणि भावाचा चष्मा घालून तो निजामपुऱ्यातल्या लॅबची पायरी चढला आणि ठेचकाळला.

घरी येऊन चष्मा परत देताना तो थोरल्याला म्हणाला, "दादूस, तू रोज एवढं धुरकट बघतोस? तरी साहेब झालास!"

चार दिवसांनी देवेश रिपोर्ट घेऊन आला. त्याचा आवाज उतरला होता. "काका, साखर तर अगदी चांगली आहे. पण किडन्या फार खराब दाखवतायत. कंपनीने नाही म्हटलं. विमा राहू द्या, तुम्ही आजच मोठ्या डॉक्टरांना दाखवा. उशीर करू नका."

केसरीनाथांनी सुस्कारा सोडला. तो सुटल्याचा होता, हे कमळाबाईंना त्यांच्या तोंडावर दिसलं.

देवेशची मोटारसायकल वळताच त्या म्हणाल्या, "काळूला आत्ता बोलवा."

"बोलावून काय सांगू? डॉक्टर विचारणार, पहिला रिपोर्ट कुठला. हा भोळा सगळं ओकणार. मग दुसरी कंपनी मला उभं करील? संघटनेचा विमासुद्धा काढून घेतील. मी त्याला कागद पास झाला म्हणून सांगतो."

"तुमचा पाठचा भाऊ आहे तो."

"आणि मी तुझा कोण?"

काळूराम रोज यायचा. कुणाला बोलायचं नाही असं बजावलेलं, म्हणून वहिनीपुढेच दंड थोपटायचा. "वहिनी, पास झालं आपलं रगत!" त्याचे घोटे सुजून वाटोळे झाले होते. आठ दिवस कमळाबाईंनी ते पाय पाहिले. नवव्या दिवशी भर दुपारी त्यांनी कपाटातून रिपोर्ट काढला आणि शेजारी त्याच्या घरी गेल्या.

"काळू, हे तुझं रक्त आहे. तुझ्या किडन्या चालल्यात. आज डॉक्टरकडे चल."

काळूराम हसला. त्याने सुनेला हाक मारली. "निशा, वाच गो. कुणाचं नाव हाय?"

निशाने कागद उलटसुलट केला. "मोठ्या मामंजींचं. वय पण त्यांचंच, साठ."

काळूरामचं हसू मावळलं. "वहिनी, माझं तर पास झालं. हे दादूसचं हाय. चोरून तपासलं ना त्याने?"

"अरे, तूच नाही का चष्मा घालून गेलास! तेच रक्त हे. तुझ्या पायांकडे बघ."

"ते उभं राहून सुजलेत. दादूसचं दुखणं माझ्या अंगावर टाकतेस? तू? तू मला भरवलंस, वहिनी."

तेवढ्यात उघडं कपाट पाहून केसरीनाथ मागोमाग आले. दारातच उभे राहिले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग निशाच्या हातातल्या कागदाकडे.

"दादूस, तूच सांग. तू म्हणशील ते खरं. ह्यो रिपोर्ट कुणाचा?"

केसरीनाथांची नजर त्या सुजलेल्या घोट्यांवर क्षणभर थांबली.

"माझा," ते म्हणाले. "हिचं डोकं फिरलंय काळजीने. मनावर घेऊ नकोस."

"खोटं बोलतायत ते, काळू!" कमळाबाई ओरडल्या.

काळूरामने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने भावाला मिठी मारली आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. "माझ्या आयुष्यातलं तुला देईन, दादूस." केसरीनाथ त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

मग त्याने डोळे पुसले, कोपऱ्यातलं जाळं उचललं. दादूसला अंगात ताकद यायला निवट्यांचं कालवण हवं, म्हणाला. सुजलेला पाय चपलेत शिरेना. त्याने चपला दारातच टाकल्या आणि अनवाणी खाडीकडे निघाला.

केसरीनाथांनी निशाच्या हातातून कागद घेतला आणि घडी करून खिशात घातला.

"चल घरी," ते कमळाबाईंना म्हणाले. "देवेश यायचाय, दुसऱ्या कंपनीचा फॉर्म घेऊन."