चवळीखाऊ

पेल्यातल्या चहावर बोटभर फेस होता, आणि तो आपल्यासाठी मुद्दाम जास्त चढवलाय हे तिएमोको जाराला कळत होतं. बाकीच्यांच्या पेल्यांत जेमतेम. खुर्चीही एकट्यालाच, बाकी सगळी जुनी मंडळी चटईवर, नदीकाठच्या मैदानावर चाललेल्या फुटबॉलकडे तोंड करून.

"साहेब, ऊन लागत नाही ना?" द्रिसाने विचारलं.

साहेब! द्रिसा ताराओरे, ह्याच मैदानावरचा लहानपणापासूनचा गोलरक्षक, आणि जाराला ताराओरेने साहेब म्हणायचं... पिढ्यान्‌पिढ्या ही दोन आडनावं एकमेकांना चवळीखाऊ म्हणत आलीत, अगदी मयतीलासुद्धा, आणि राग धरायचा नाही हा नेम. परदेशातला फुटबॉल संपवून कायमचा सेगूला, आपल्या गावी परतून महिना होत आला, एकाही ताराओरेने तोंड उघडलं नाही. परवा तिएमोकोनेच सुरुवात केली – काय रे चवळीखाऊ, पोट सुटलं! – तर द्रिसा मान खाली घालून म्हणाला, हो साहेब, खरंय तुमचं. आपण ह्यांचे उरलो नाही, दुसरं काय!

तिकडे बेल्जियममधल्या त्या गारठलेल्या गावी संघात एक ताराओरे आला, तेव्हा ह्याला आभाळ ठेंगणं झालं होतं. कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांदेखत हा ओरडला, चवळीखाऊ! तो बिचारा पॅरिसात वाढलेला, थेट व्यवस्थापकाकडे तक्रार घेऊन गेला. माफी मागावी लागली – चवळीबद्दल! आता हसू येतं... तेव्हा नव्हतं येत. गोल झाला की तिथले लोक डोक्यावर घ्यायचे, हुकला की शिट्ट्या, पण हुकल्यावर हसवणारं कोणी नव्हतं. एकदा पेनल्टी वाया घालवली, त्या संध्याकाळी हा एकटाच भात शिजवत बसला होता, आणि वाटत होतं, एखाद्या ताराओरेने आत्ता दार ठोठावावं आणि आपली यथेच्छ टर उडवावी...

"मी खेळतो," तो एकदम उठला.

"अहो, तुमचा गुडघा—"

"गुडघ्याचं मी बघतो."

तो अनवाणीच उतरला. त्याच्या पायातला चेंडू कोणी काढून घेईना. वरातीला द्यावी तशी वाट देत होते. द्रिसा मागोमाग येऊन समोर गोलात उभा राहिला, तोही एका बाजूला सरकलेला, अर्धा गोल मोकळा सोडून. आदर! तिएमोकोने पाय मागे नेला, मारला – आणि चेंडू गोलाच्या बांबूबाहेरून थेट नदीत.

कोणीतरी पुटपुटलं, "वारा होता, साहेब."

"वारा कसला मेला!" चवळीच्या वड्यांच्या कढईमागून कोरोतुमू ओरडली, द्रिसाची थोरली बहीण, हातात झारा. "सकाळी माझी अर्धी पाटी वडे हादडलेत ह्या जाराने, चवळी उतरलीय पायांत! गोऱ्यांनी ह्याला पैसे दिले ते खेळू नकोस म्हणून!"

सगळे द्रिसाकडे बघायला लागले. द्रिसाने ओठ घट्ट मिटून धरले, आणि मग तो पोट धरून हसत खालीच बसला. "जा रे चवळीखाऊ! तो चेंडू काय तुझा बाप आणणार?"

गुडघाभर पाण्यात शिरताना तिएमोकोच्या मागे हशा उसळत होता. मी मुद्दाम हुकवला का? नेम तर बरोबर धरला होता... की गुडघ्यानेच दगा दिला... की गुडघ्यालाही माझ्या मनातलं कळलं? तिकडे हुकलेला एकेक चेंडू महिनोन्‌महिने झोप उडवायचा, आणि आज ह्याचं कारणसुद्धा शोधावंसं वाटेना. कोरोतुमूला सव्याज उत्तर द्यायला हवं होतं, ताराओरेंच्या सात पिढ्यांचा उद्धार करून. पण तोंड उघडलं की हसूच फुटत होतं.